टिप: चाकरीचे मोल कोणी द्यायचे, हा जुना वाद

सीताबर्डीवरच्या किंवा धरमपेठेतल्या एखाद्या हॉटेलात जेवण आटोपले, की बडीशेपेच्या बशीत बिल येते, पैसे जातात, सुटे परत येतात आणि त्या सुट्यांपैकी किती बशीत राहू द्यायचे, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवायचे असते. याचा नियम कुठेही लिहिलेला नाही, तरीही बहुतेकांच्या मनात एक आकडा पक्का असतो आणि त्याहून कमी ठेवले तर वेटरच्या नजरेला नजर देणे अवघड जाते. मात्र हाच माणूस सकाळी तर्री-पोहे खाऊन ठेलेवाल्याला वरून दहा रुपये देत नाही, आणि घरचीच माणसे रांधतात-वाढतात अशा सावजी भोजनालयातूनही तो बिलाइतकेच पैसे देऊन उठतो. टिप ही केवळ चांगल्या सेवेची पावती असती, तर पोहेवाल्याचा तिच्यावर पहिला अधिकार होता. प्रत्यक्षात आपण ती दुसऱ्याच्या चाकरीत असलेल्या माणसाला देतो. मालकाला, डॉक्टरला, वकिलाला किंवा शिक्षकाला ती देऊ केली तर त्यांना अपमान वाटेल, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

टिपचा सामाजिक इतिहास समजून घ्यायला हे निरीक्षण पुरेसे ठरते. ज्याला कामावर एकाने ठेवले आहे आणि ज्याच्याकडून सेवा दुसराच घेतो आहे, त्याच्या श्रमाचे मोल या दोघांपैकी कोणी द्यायचे आणि ते त्याला हक्काने मिळायचे की देणाऱ्याच्या मर्जीने, हा प्रश्न या रिवाजाच्या मुळाशी आहे. त्यावरून इंग्लंडात दंगे झाले, अमेरिकेत कायदे झाले आणि मोडलेही, आणि आपल्याकडे तर हाच प्रश्न वेगळ्या नावांनी गावगाड्यापासून कापडगिरण्यांपर्यंत सर्वत्र लढला गेला.

आज ज्याला आपण टिप म्हणतो त्या रिवाजाचा ठळक माग इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांपासून लागतो. सोळाव्या आणि सतराव्या शतकात अशा घरी पाहुणा चार दिवस मुक्कामाला आला, की त्याच्यामुळे नोकरांवर जे जादा काम पडले त्याबद्दल निघताना त्यांच्या हातावर काही नाणी ठेवण्याची पद्धत होती. या पैशांना तिथे ‘वेल्स’ (vails) म्हणत. सुरुवातीला ती खरोखरच पाहुण्याची खुशी होती, पण जसजशी ती रूढ होत गेली तसतसे यजमान नोकरांचा पगार ठरवताना ती गृहीत धरू लागले. अठराव्या शतकापर्यंत अशी स्थिती आली, की मोठ्या घरी जेवायला गेलेल्या पाहुण्याला निघताना दाराशी नोकरांची रांग उभी दिसे आणि त्यातल्या प्रत्येकाला काहीतरी द्यावे लागे. मध्यम परिस्थितीतल्या माणसाला फुकटचे जेवण परवडेनासे झाले. मग १७६० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये आणि पाठोपाठ लंडनमध्ये प्रतिष्ठितांनी ही पद्धत बंद करण्याचे ठरवले. जोनास हॅनवे यांच्यासारख्या समाजसुधारकांनी तिच्याविरुद्ध लिखाण केले.

यावर नोकरांची प्रतिक्रिया तीव्र होती. १७६४ मध्ये लंडनच्या रॅनले उद्यानात त्यांनी आपल्याच मालकांची हुर्यो उडवली, दिवे आणि खिडक्या फोडल्या. या दंग्याचा उल्लेख अनेकदा नोकरांच्या लोभाचा दाखला म्हणून केला जातो आणि मला तो अन्याय वाटतो. वरकड मिळते म्हणून ज्याचा पगार आधीच कमी ठेवला आहे, त्याची वरकड अचानक बंद करायची आणि पगार मात्र पुरेसा वाढवायचा नाही, याचा अर्थ त्याची मिळकत कापणे असाच होतो. पाहुण्याचा खिसा वाचला, यजमानाचा पगारखर्च फारसा वाढला नाही आणि तोटा झाला तो फक्त चाकराचा. पुढच्या दोन शतकांत टिप बंद करण्याचे जे जे प्रयत्न फसले, त्यांपैकी बहुतेकांत हीच गोष्ट पुन्हा घडलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकात रिवाज घरांतून बाहेर पडून हॉटेले, घोडागाड्या आणि रेल्वे यांच्याकडे गेला. अमेरिकेत तो फार उशिरा रुजला आणि तेही मोठ्या नाखुशीने. यादवी युद्धानंतर युरोपची सफर करून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ही पद्धत सोबत आणली, तेव्हा तिथल्या अनेकांना ती लोकशाहीला न शोभणारी वाटली. सगळे नागरिक समान असतील तर एका नागरिकाने दुसऱ्यापुढे हात का पसरावा, असा त्यांचा सवाल होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर कायद्याने बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सा, आयोवा, टेनेसी, दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांनी तसेच केले. १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले होते.

ते का टिकले नाहीत, याचे उत्तर पुलमन कंपनीच्या गोष्टीत सापडते. जॉर्ज पुलमन यांनी १८६७ मध्ये रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांची कंपनी काढली. रात्रभराच्या प्रवासात उतारूंची गादी घालणे, सामान चढवणे-उतरवणे, बुटांना पॉलिश करणे या कामांसाठी त्यांनी गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना नेमले. गुलामीत मालकाचे नाव गुलामाला चिकटत असे, तसेच इथे प्रत्येक पोर्टरला उतारू कंपनीच्या मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ अशीच हाक मारत. पगार इतका थोडा होता, की पोर्टरचे घर टिपवरच चालत असे, आणि बुटांचे पॉलिशसुद्धा त्याने स्वतःच्या पैशाने आणायचे होते. थोडक्यात, कंपनीने आपल्या पगारपत्रकातला मोठा भाग उतारूंच्या खिशावर टाकला होता. १९१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे या व्यवहाराची चौकशी झाली. तिथे साक्ष देणाऱ्यांत कंपनीचे अध्यक्षपद सांभाळलेले रॉबर्ट टॉड लिंकन होते, गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. या योगायोगावर मी वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

टिपच्या पैशाहून जास्त बोचणारी गोष्ट टिप मिळवण्यासाठी करावी लागणारी वागणूक ही होती. उतारूने हिणवले तरी हसायचे, स्वतःचे नाव सांगायचे नाही, अपमान गिळायचा, कारण रात्रीची कमाई त्याच्या सकाळच्या मर्जीवर अवलंबून आहे. म्हणूनच ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये पोर्टरांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पगारवाढ, कामाच्या तासांवर मर्यादा आणि माणूस म्हणून मान या मागण्या एकाच लढ्याचा भाग होत्या. पोर्टरांकडून महिन्याला सुमारे ४०० तास काम घेतले जाई. बारा वर्षांच्या झुंजीनंतर १९३७ मध्ये कंपनीला करार करावा लागला आणि हे तास २४० वर आले. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेशी केलेला हा पहिला करार मानला जातो, आणि पुढच्या नागरी हक्क चळवळीची अनेक माणसे याच संघटनेतून आली.

हॉटेल कामगारांच्या नशिबी मात्र असा शेवट आला नाही. १९३८ च्या अमेरिकी किमान वेतन कायद्यातून ते वगळले गेले. १९६६ मध्ये त्यांना आत घेतले ते अशा तरतुदीसह, की ग्राहकाची टिप मालकाने किमान वेतनाच्या हिशेबात धरावी. आजही तिथले केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर असले, तरी टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी २.१३ डॉलर दिले तरी कायद्याचे पालन होते, आणि हा दुसरा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत नाकारली आहे, हे खरे. पण अमेरिकेत गेलेला आपला नातेवाईक बिलावर वीस टक्के टिप का ठेवतो आणि ती न ठेवणे तिथे असभ्य का मानतात, याचे कारण त्या लोकांच्या दानशूरपणात नसून या तरतुदीत आहे. तिथे टिप ही मजुरीच आहे, फक्त ती ग्राहकाने थेट द्यायची आहे. फ्रान्सने दुसरा मार्ग घेतला आणि सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरला. जपानमध्ये टेबलावर राहिलेले पैसे विसरले असे समजून वेटर ते परत द्यायला मागून धावत येतो.

आता आपल्याकडे येऊ. बक्षिसाची पद्धत इंग्रजांनी शिकवली असे अनेकांना वाटते, आणि साहेबांच्या बंगल्यांनी तिला एक वेगळे वळण दिले हेही खरे आहे. नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाल्यावर सिव्हिल लाइन्समध्ये जे बंगले उभे राहिले, त्यांत खानसामा, माळी, चपराशी अशी नोकरांची फौज असे. पगार, बक्षीस आणि बाजारहाटातली दस्तुरी, म्हणजे खरेदीमागे मिळणारी दलाली, मिळून त्या नोकरांचे घर चाले. मात्र कामाचे मोल मर्जीवर ठेवण्याची आपली परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे आणि ती जातीच्या आधाराने उभी होती.

गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, महार ही मंडळी वर्षभर गावाचे काम करत आणि सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्यांना बलुते मिळे. कागदावर हा त्यांचा हक्क होता. प्रत्यक्षात किती पेंढ्या किंवा किती पायली पदरात पडायच्या हे पुष्कळदा पीक कसे आले यावर, आणि तितकेच खळ्याच्या मालकाचा चेहरा कसा आहे यावर ठरे. जितकी जात खाली, तितका हक्काचा भाग कमी आणि मर्जीचा भाग जास्त. सणाला मिळणारे वाढण, लग्नातले जुने कपडे, उरलेले अन्न हे सारे ‘देणे’ म्हणून मिळे आणि घेणाऱ्याने ते वाकून घ्यावे अशी अपेक्षा असे. अस्पृश्य मानलेल्यांना तर ते हातात न देता वरून टाकले जाई.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवहाराचे मर्म जितक्या स्पष्टपणे ओळखले तितके क्वचितच कोणी ओळखले असेल. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वतनदार महार हा सरकारचा नोकर होता. सरकारी अधिकाऱ्यांच्या दिमतीला त्याने कोणत्याही वेळी हजर व्हायचे, निरोप पोचवायचे, सामान वाहायचे, आणि हे कामही एकट्याचे नसून साऱ्या कुटुंबाचे. पण त्याचा मोबदला सरकार जवळजवळ देतच नसे. थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून गोळा करायचे बलुते, एवढ्यावर त्याला भागवावे लागे. म्हणजे काम सरकारचे आणि पोट गावाच्या हातात. महाराने स्वच्छ कपडे घातले, मुलाला शाळेत घातले, एखाद्या अन्यायाविरुद्ध तोंड उघडले, की गावाने बलुते थांबवायचे, एवढे साधे ते हत्यार होते. आंबेडकरांची मागणी अशी होती, की बलुत्याचे रूपांतर रोख करात करावे, तो सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावा आणि सरकारनेच तो महारांना पगार म्हणून द्यावा. ज्याला वतन नको असेल त्याला त्यातून मुक्त होता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन कसता यावी.

ते विधेयक मागे घ्यावे लागले, आणि कनिष्ठ ग्राम वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडले. नागपूर त्या काळी मध्य प्रांतात असल्याने या विधेयकाचा इथल्या गावांशी थेट संबंध नव्हता, पण व्यवहार सारखाच होता. मला हे विधेयक टिपच्या इतिहासातला एक महत्त्वाचा दस्तऐवज वाटते. पुलमनच्या पोर्टरची आणि वतनदार महाराची परिस्थिती शेजारी ठेवून पाहिली तर दोघांचे काम घेणारा एक, मोबदला देणारा दुसरा आणि त्या मोबदल्याच्या दोरीने बांधलेली वागणूक, हा आराखडा जवळपास एकच दिसतो. फरक इतकाच, की पोर्टर नोकरी सोडू शकत होता. जन्माने चिकटलेले वतन सोडणे त्याहून पुष्कळ कठीण होते.

सगळेच देणे इतके कठोर नव्हते, हेही सांगितले पाहिजे. विदर्भात पोळ्याला सजवलेले बैल घेऊन गडी घरोघरी जातो, घरची बाई बैलांचे पाय धुऊन पूजा करते आणि गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, ठेवते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली नागपूरची मुलेही दारोदार हाच बोजारा हक्काने मागतात. दिवाळीला पोस्टमन, गुरखा, कचरा नेणारा कामगार, दूधवाला यांना पोस्त देण्याची रीत अजून जिवंत आहे. यातला आनंद खोटा नाही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वर्षातून एकदा एकमेकांच्या घरची खुशाली विचारायला ते एक निमित्त असते. परंतु ज्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, मेहनताना गुढीपाडव्याला मालकाने सांगितला तेवढाच ठरतो, त्याच्या बोजाऱ्याचे कौतुक करताना आपण त्या मेहनतान्याचा विषय बाजूला ठेवतो, हे लक्षात असू द्यावे.

मर्जीचे देणे हक्कात बदलू शकते का, याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे आणि ते बोनसच्या रूपाने दर दिवाळीला आपल्यासमोर येते. नागपूरच्या रेल्वे स्थानकाजवळ जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगार गैरहजर राहतात ही त्यांची पहिली अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून त्यांनी नियमित हजेरीसाठी बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. त्या काळच्या मानाने ही मोठी गोष्ट होती. तरीही हे सारे मालकाच्या दूरदृष्टीतून आलेले होते. मालक बदलला किंवा नफा आटला तर कामगाराला ते मागता आले असते का, हा प्रश्न शिल्लक राहतो.

मुंबईच्या गिरण्यांत हा प्रश्न १९२४ मध्ये उभा ठाकला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना प्रचंड नफा झाला होता आणि मालक काही वर्षे कामगारांना बोनस देत आले होते. १९२३ चा बोनस त्यांनी नाकारला, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निकाल दिला, की बोनसवर कामगारांचा कायद्याने, रूढीने किंवा न्यायबुद्धीने कोणताही हक्क पोचत नाही. तो मालकाने खुशीने दिलेला होता. त्यानंतर चार दशके हा वाद न्यायाधिकरणांत आणि रस्त्यावर चालू राहिला. अखेर १९६५ चा बोनस कायदा आला. त्याने आधी वार्षिक पगाराच्या ४ टक्के आणि पुढे ८.३३ टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या पगाराइतका, किमान बोनस बंधनकारक केला, मग कंपनीला नफा होवो वा न होवो. १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीचेही तसेच झाले. पाच वर्षे सलग नोकरी केलेल्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ही मालकाची कृतज्ञता राहिली नाही, ती त्याने द्यायचीच रक्कम ठरली.

याच वाटेने घरकाम करणाऱ्या बायकाही चालल्या आहेत. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विदर्भ मोलकरीण संघटना किंवा राज्यातल्या इतर घरकामगार संघटना यांच्या मागण्यांत साप्ताहिक सुटी, आजारपणाची रजा आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार या गोष्टी वारंवार येतात. दिवाळीला साडी आणि मिठाईचा डबा देणारी घरे पुष्कळ आहेत. साडीऐवजी महिन्याचा पगार द्या, असे म्हटल्यावर त्यांतल्या काहींना वाईट वाटते. त्यांनी स्वतःच्या कार्यालयातून मिळणारा बोनस आठवून पाहावा. राज्याने २००८ मध्ये घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण किती वेतन आणि कोणती सुटी हा विषय आजही बहुतेक घरांत बाई आणि मालकीण यांच्यातच ठरतो.

नागपूर स्थानकावरचे लाल डगल्यातले हमाल ही या संदर्भात आणखी एक विचार करायला लावणारी व्यवस्था आहे. त्यांच्या दंडावर रेल्वेचा बिल्ला असतो आणि ओझ्याचे दरही रेल्वेने ठरवलेले असतात, मात्र रेल्वे त्यांना पगार देत नाही. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांच्यापैकी अनेकांना गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, म्हणून नोकरीत घेण्याची घोषणा झाली, तेव्हा काम जास्त अवघड असूनही कित्येकांनी ती नोकरी स्वीकारली, कारण तिच्यासोबत दरमहा ठरलेला पगार होता.

हॉटेलांच्या बाबतीत आपल्या देशातली कायदेशीर स्थिती अमेरिकेपेक्षा चांगली आहे, निदान कागदावर. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात आणि आता त्याची जागा घेतलेल्या वेतन संहितेत ग्राहकाची टिप किमान वेतनात वळती करून घेण्याची सवलत मालकाला नाही. टिप कितीही मिळो, ठरलेले वेतन मालकानेच द्यायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका हॉटेल कंपनीच्या आयकर प्रकरणात आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. ग्राहकाने कार्डाने दिलेली टिप हॉटेलच्या खात्यातून कर्मचाऱ्यांकडे जात असली, तरी तो मालकाने दिलेला पगार नव्हे. हॉटेल त्या पैशाचे फक्त विश्वस्त असते. म्हणजे तो पैसा कर्मचाऱ्याचा आहे आणि त्यातून मालकाला काही ठेवून घ्यायचा नैतिक आधार उरत नाही. ब्रिटनने याच तत्त्वाचा स्पष्ट कायदा केला असून १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या मालकांना टिपची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना वाटावी लागते.

बिलावर आपोआप लागणाऱ्या सेवाशुल्काचा वाद याहून वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत होते. सेवाशुल्क हे हॉटेल लावते, ते सरकारी कर नाही आणि ते कर्मचाऱ्यांपर्यंत पोचते की नाही हे ग्राहकाला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ते आपोआप लावण्यास मनाई केली, हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू ग्राह्य धरली. हॉटेलचालकांचे एक म्हणणे मात्र ऐकून घेण्यासारखे होते. टेबलावरची टिप वेटरला मिळते, पण आत भट्टीपुढे उभा राहणारा आचारी आणि मोरीपाशी भांडी घासणारा पोऱ्या ग्राहकाला कधी दिसत नाही, आणि सेवाशुल्कातून त्यांनाही वाटा जातो असे त्यांचे म्हणणे होते. तो जात असेल तर चांगलेच आहे. पण त्या दोघांना पुरेल असा पगार पदार्थाच्या किमतीत का बसवता येत नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ते बसवता येते याचा एक दाखला नागपूरकरांच्या ओळखीचा आहे. कॉफी बोर्डाने १९५७ च्या सुमारास आपली कॉफी हाऊसे बंद करायचे ठरवले, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवायला घेतली. सदरमध्ये इंडियन कॉफी हाऊसच्या टेबलाशी बसणाऱ्या कित्येकांना, तुरा लावलेला फेटा घालून कॉफी आणणारा माणूस त्या सहकारी परंपरेतला आहे, हे ठाऊकही नसते. अशा ठिकाणीही लोक टिप ठेवतात, आणि ठेवावी. मात्र जिथे पगार, बढती आणि निवृत्तीचे लाभ संस्थेतून येतात, तिथे ग्राहकाची खुशी खरोखरच खुशी राहते.

नव्या काळाने या जुन्या वादात दोन गुंते घातले आहेत. पहिला मोबाइलवरून पैसे देण्याचा. टेबलावरचा क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा असतो, खिशात सुटे नसतात आणि ‘यातच वीस जास्त टाकले’ असे वेटरला सांगून आपण निघतो. ते वीस रुपये त्याच्यापर्यंत जाणे मालकाच्या हिशेबीपणावर राहते. दुसरा गुंता अ‍ॅपवरून घरपोच जेवण किंवा टॅक्सी मागवण्याचा आहे. तिथे टिप सेवेच्या आधीच विचारली जाते. एका मोठ्या टॅक्सी कंपनीच्या अशा आगाऊ टिपबद्दल मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस पाठवली, आणि ती ग्राहकाच्या बाजूने योग्यच होती. गाडी चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी खोल आहे, कारण अ‍ॅप कंपन्या त्याला नोकर मानतच नाहीत. तो कोणाचाच नोकर नसल्याने त्याला किमान वेतनही नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर गेलेला असताना दुपारी एक वाजता पार्सल घेऊन येणाऱ्या मुलाला आपण जी टिप देतो, ती त्याच्यापुरती मोलाचीच आहे. पण उन्हातल्या कामाचा जादा मोबदला देण्याची जबाबदारी मूळ कंपनीची होती. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी पहिला कायदा केला आणि त्यात प्रत्येक व्यवहारावर अधिभार घेऊन कल्याण निधी उभारण्याची तरतूद ठेवली. बलुत्याच्या जागी रोख कर बसवून त्यातून पगार देण्याच्या १९२८ च्या मागणीशी या रचनेचे नाते स्पष्ट दिसते.

मग ग्राहक म्हणून हॉटेलात नेमके काय करायचे? टिप द्यायची असेल तर ती शक्यतो रोख आणि त्या माणसाच्या हातात, त्याच्याकडे बघून द्यावी. आचारी आणि भांडीवाला यांच्यात ती वाटली जाते का, हे वेटरलाच विचारावे; बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात. बिलात सेवाशुल्क दिसले तर ते काढायला सांगता येते आणि नकार मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. ते काढून घेतले तर तेवढी रक्कम खिशात परत न टाकता वेटरला देता आली तर उत्तम, नाहीतर १७६४ च्या लंडनसारखे बचत ग्राहकाची आणि तोटा चाकराचा असे होते. आणि टिप न मिळाल्यास आपल्या हाती महिन्याला काय उरते, हे एखाद्या कामगाराने विश्वासाने सांगितले आणि ती रक्कम किमान वेतनाहून कमी निघाली, तर त्याला कामगार आयुक्तालयाच्या नागपूर कार्यालयात दावा दाखल करता येतो. त्यासाठी हजेरीची नोंद, पगाराची चिठ्ठी किंवा बँकेचे पासबुक यांपैकी जे असेल ते जपून ठेवण्यास त्याला सांगावे.